समुद्र जवळ आहे, पण हायवे त्याहून जवळ आहे

हे या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलताना होणारी "म्हणजे, म्हणजे"ची गर्दी काढलीय, बाकी ओघ तोच ठेवलाय.

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर. ते मूळचे आपल्या एरंडोलचे, आता नोकरीसाठी मुंबईत. घरात दोन वर्षांची मुलगी. भाड्याने घ्यायला दोन फ्लॅट बघून ठेवलेत. एक गोरेगावला, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला अगदी लागून. दुसरा तिथून आत, गल्लीत, पण भाडं जास्त. गावाकडून सल्ला असा आलाय की, "मुंबईला समुद्र आहे, हवा वाहती असते, काळजी कशाला? आणि अगदीच वाटलं तर पोरीला इकडे पाठव, आपली हवा चांगली." त्यांनी विचारलंय, काळजी करू का? आणि करायची तर नेमकी कशाची?

थोडक्यात उत्तर आधीच देतो. समुद्र किंवा गाव यावरून तुमच्या भागातली सर्वसाधारण हवा ठरते. पण वाहनांच्या धुराचा तुमच्या वाट्याला येणारा हिस्सा रस्त्यापासूनचं अंतर, वाऱ्याची दिशा आणि दिवसाची वेळ या तीन गोष्टींवर ठरतो. आता एकेक बघू.

समुद्राचं नेमकं काम काय?

आपण विसरतो, पण मुंबई आजही बेटावरच आहे. जुनी सात बेटं भराव घालून जोडली, ती पुढे साष्टीला जोडली गेली, आणि साष्टीच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. कर्कवृत्ताच्याही दक्षिणेला, म्हणजे अगदी पुस्तकातलं उष्ण कटिबंधातलं बेट.

दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून हवा येते. हे झाले खारे वारे. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ते मतलई वारे. शाळेत हे सगळ्यांनी पाठ केलंय.

पाठ केलेल्यात एक गोष्ट नव्हती. रात्री समुद्रावर गेलेली घाण तिथेच राहते असं नाही, दुसऱ्या दिवशीचा वारा त्यातली काही परत आणतो. शिवाय हिवाळ्यात वारे मंदावतात आणि हवेचा जो थर वरखाली ढवळला जातो तो बुटका होतो. तेवढाच धूर, पण तो मावायला जागा कमी. म्हणून पावसाळ्यात मुंबईची हवा सगळ्यात स्वच्छ आणि हिवाळ्यात सगळ्यात वाईट.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा बरीच बिघडली होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला. त्याच महिन्यात महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियम काढले, पत्रे उभारा, पाणी मारा वगैरे. समुद्र पुरेसा असता तर हे करावं लागलं नसतं.

रस्त्यापासूनचं अंतर

वाहनातून निघणाऱ्या सगळ्या गोष्टी सारख्या पसरत नाहीत. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याचे. हे लांबवर तरंगत जातात, त्यामुळे शहरभर थोड्याफार फरकाने सारखेच सापडतात. पण ताज्या धुरातले त्याहून बारीक कण, डिझेलची काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे रस्त्याजवळ दाट असतात आणि अंतर वाढलं की भराभर कमी होतात.

२००२ साली लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या हायवेजवळ केलेली मोजणी प्रसिद्ध आहे. दिवसा, वाऱ्याच्या दिशेने जात मोजलं, तर अतिसूक्ष्म कणांची संख्या ३०० मीटरवर आसपासच्या हवेइतकीच उरली होती. अमेरिकेतल्या एका संस्थेने २०१० मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले आणि मोठ्या रस्त्याचा जास्तीत जास्त परिणाम ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात होतो असं म्हटलं.

म्हणजे एकाच पिनकोडमधल्या दोन घरांत फरक पडू शकतो, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये तो दिसणार नाही. कारण ॲप तुम्हाला जवळच्या केंद्राचा आकडा दाखवतं, तुमच्या बाल्कनीचा नाही. शिवाय आपला सरकारी एक्यूआय मुख्यतः २४ तासांच्या सरासरीवर काढतात. संध्याकाळी सातला सिग्नलवर काय चाललंय ते त्या सरासरीत विरघळून जातं.

आणखी एक. ॲपमध्ये "समाधानकारक" दिसलं म्हणजे झालं असं नाही. पीएम २.५ ची आपली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५. एकाच हवेला एका मापाने पास आणि दुसऱ्या मापाने नापास करता येतं.

कोणती बाजू, कोणती वेळ

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत साधारण दक्षिण-उत्तर जातो. समुद्र पश्चिमेला. म्हणजे दिवसा खारा वारा हायवेचा धूर पूर्वेकडे ढकलतो. रात्री वारा फिरला की पश्चिमेकडच्यांची पाळी. त्यामुळे फ्लॅट बघताना फक्त "हायवेपासून किती लांब" एवढंच विचारू नका. कोणत्या बाजूला आहे आणि मुलीची झोपायची खोली कुठे उघडते, तेही बघा. वरच्या मजल्यावर फरक पडतो, पण अगदी लागून असलेल्या इमारतीत तो अंतराची जागा घेत नाही.

आता वेळ. मला यातला सर्वात उपयोगी मुद्दा हाच वाटतो. कॅलिफोर्नियातल्याच, २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात सूर्योदयाआधी मोजलं, तेव्हा हायवेचा धूर ३०० मीटर नाही, चक्क दोन किलोमीटरपर्यंत सापडला. आणि त्या वेळी रस्त्यावर गाड्या दिवसापेक्षा बऱ्याच कमी होत्या! कारण पहाटे जमीन गार, वारा पडलेला, गार हवेच्या वर ऊबदार हवेचं झाकण. धूर जमिनीलगत सरकत राहतो. ऊन पडलं, जमीन तापली, की झाकण निघतं.

आणि आपलं गाव?

हे ऐकून एरंडोलवाले हसतील, म्हणतील आम्हाला काय त्याचं. तर मंडळी, सुरत, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, नागपूर असा जाणारा हायवे, जुना ६ नंबरचा, आता ५३, तो आपल्या गावावरून जातो. त्यावर रात्रंदिवस ट्रक. आणि पहाटे पाचला, थंडीत, कानटोपी घालून आपले काका-मावशी फिरायला कुठे जातात? हायवेच्या कडेने. म्हणजे दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि गावातली सगळ्यात वाईट जागा, दोन्ही एकदम.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात हवेचे मानक न पाळू शकलेल्या शहरांची यादी आहे. महाराष्ट्रातल्या नावांत मुंबई, पुणे आहेत, तसंच आपलं जळगावही आहे. गावात गाड्या कमी असतात हे खरं. पण कापसाचा हंगाम संपल्यावर शेतात पेटवलेली पऱ्हाटी, चुलीचा धूर, रस्त्याकडेची माती, हे सगळं त्याच हवेत जातं. छाती धूर कुठून आला ते विचारत नाही.

मग करायचं काय?

श्रोत्यांना माझं उत्तर: भाड्यातला फरक झेपत असेल तर आतला फ्लॅट घ्या. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. डिझेलचा धूर कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत २०१२ पासून आहे. नाहीच झेपलं, तर हायवेकडची खिडकी पहाटे आणि संध्याकाळच्या गर्दीत बंद ठेवा, दुपारी उघडा, आणि मुलीची खोली मागच्या बाजूला करा. हे फुकट आहे.

बाहेर पडताना तोंडाला रुमाल किंवा स्कार्फ बांधला तर धूळ अडते, बारीक कण फारसे नाही. त्यासाठी घट्ट बसणारा एन-९५ लागतो, आणि तो दोन वर्षांच्या मुलीसाठी नाही. तिला चालायला नेताना मोठ्या रस्त्याऐवजी आतली गल्ली धरा, पाच मिनिटं जास्त लागली तरी. गाडीत असाल तर ट्रॅफिकमध्ये एसी आतल्या हवेवर ठेवा, फक्त लांबच्या प्रवासात अधूनमधून काच खाली करा.

गावातल्यांसाठी: फिरणं सोडू नका, हायवे सोडा. शेताकडचा रस्ता धरा आणि थंडीत ऊन पडल्यावर निघा.

काही गोष्टी आपल्या हातात नाहीत, पण त्या बदलतायत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, इंधनातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं. मात्र जुने ट्रक अजून रस्त्यावर आहेत, आणि टायर, ब्रेक, रस्त्याची धूळ यांना कोणतंही इंजिन थांबवत नाही, इलेक्ट्रिक गाडीसुद्धा.

म्हणून काळजी करा, पण मोजून करा. अख्ख्या शहराच्या आकड्याची काळजी करून रात्रीची झोप घालवण्यापेक्षा आपल्या खिडकीपासून रस्ता किती मीटरवर आहे ते आधी मोबाइलच्या नकाशावर मोजा. ३०० च्या आत असेल तर वरचं सगळं तुमच्यासाठी होतं. तुमचा आकडा आणि गाव आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. तोवर काळजी घ्या, भेटू.