पानांतलें इन्सुलिन

शहरांतील रोपवाटिकांत ‘इन्सुलिनचें झाड’ या नांवानें एक झुडूप विकावयास असतें. त्याचीं पानें दांड्याभोवतीं गोल जिन्याप्रमाणें चढत जातात व फुलें नारिंगी येतात. कोंकणांत पावसाळ्यांत फुलणाऱ्या पेव्याच्या कुळांतलेंच तें आहे. मूळ मात्र दक्षिण अमेरिकेचें. मधुमेही माणसाच्या घरीं कोणी ना कोणी स्नेही तें आणून देतोच. रोज सकाळीं एक पान चावून खाल्लें कीं त्यांतलें इन्सुलिन शरीरास मिळतें व सुई टोंचून घेण्याचा त्रास वांचतो, अशी त्यामागची समजूत असते. समजूत सोयीची आहे यांत शंका नाहीं.

परंतु इन्सुलिन हें एक प्रथिन आहे, आणि प्रथिनाची पोटांत काय गत होते हें पाहिल्यावांचून या समजुतीची परीक्षा होत नाहीं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची ठराविक क्रमानें ओंवलेली माळ. इन्सुलिनच्या एका रेणूंत अशीं ५१ अमिनो आम्लें असतात. एका साखळींत २१, दुसरींत ३०, व दोन्ही साखळ्या गंधकाच्या दुव्यांनीं एकमेकींस जखडलेल्या. हा क्रम इंग्लंडांत फ्रेडरिक सँगर यांनीं उलगडला, व त्याबद्दल १९५८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या क्रमांत आणि माळेच्या घडींतच इन्सुलिनचें सारें सामर्थ्य आहे.

छापखान्यांत एकेक खिळा जुळवून पान तयार करीत, आणि छपाई आटोपली कीं मजकूर सोडून खिळे आपापल्या घरांत परत टाकीत. तेच खिळे उद्यां दुसऱ्या मजकुरास लागत. पोटांत नेमकें हेंच घडतें. जठरांतील आम्ल प्रथिनाची घडी मोडतें, पेप्सिन त्याचे तुकडे करतें, आणि पुढें आंतड्यांत स्वादुपिंडाचा रस त्यांची आणखी फोड करतो. रक्तांत जातात ते बहुतांशीं सुटे खिळे. ते डाळीचे होते कीं इन्सुलिनचे, याची खूण त्यांवर राहत नाहीं. शरीर त्यांतून स्वतःस हवा तो मजकूर जुळवितें.

ही गोष्ट वैद्यांनाही अनुभवानें शिकावी लागली. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्यास तीव्र मधुमेह जडला. त्यानंतर अनेकांनीं जनावरांचें स्वादुपिंड रोग्यांस खाऊं घालून पाहिलें. भरंवशाचा गुण आला नाहीं. पुढें १९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास स्वादुपिंडाचा अर्क सुईनें टोंचण्यांत आला. ११ तारखेचा अर्क अशुद्ध होता व फारसा उपयोगी पडला नाहीं. २३ तारखेस कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क दिला, आणि रक्तांतील साखर उतरली. द्रव्य गुरांच्याच स्वादुपिंडाचें होतें. फरक एवढाच, कीं या वेळीं त्याची वाट पोटांतून गेली नव्हती.

या नियमास अपवाद आहेत. वासरू जन्मतःच जो चीक पितें, त्यांतील रोगप्रतिकारक प्रथिनें पहिल्या दिवशीं जवळजवळ अखंड त्याच्या रक्तांत जातात. मधुमेहावरील सेमाग्लूटाइड या प्रथिनवजा औषधाची गोळी अमेरिकेंत २०१९ सालीं मान्य झाली. पण तिच्यांत शोषणास साहाय्य करणारें निराळें द्रव्य घालावें लागतें, आणि तरीही औषधाचा शंभरावा हिस्सासुद्धां रक्तांत पोंचत नाहीं. साध्या पानास असलें कवच कोठून असणार?

अंडें उकडल्यानें त्यांतलें प्रथिन ‘मरतें’, म्हणून तें कच्चें प्यावें, ही याच समजुतीची बहीण. उकडल्यानें घडी उलगडते, माळ तुटत नाहीं; उलट उकडलेलें अंडें अधिक पचतें.

आतां पानांत कांहींच गुण नाहीं असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. उंदरांवरील कांहीं प्रयोगांत त्याच्या अर्कानें साखर उतरल्याचें नोंदलेलें आहे. तें काम दुसऱ्या एखाद्या द्रव्याचें असूं शकेल. पण ज्या मुलाचें स्वादुपिंड इन्सुलिन बनवीतच नाहीं, त्याची सुई पानाच्या भरंवशावर बंद केली, तर शरीर चरबी जाळूं लागतें, तीपासून निघणारीं आम्लें रक्तांत सांचतात, आणि थोड्याच दिवसांत प्राणावर बेततें. प्रौढपणीं जडणाऱ्या मधुमेहांत संकट इतक्या तांतडीनें येत नाहीं. तेथें पथ्य पाळलें जातें, फिरणें वाढतें, गोळ्याही चालूच असतात, आणि श्रेय मात्र कुंडींतल्या झाडास जातें. ज्यास तें पान खावयाचेंच असेल त्यानें आपल्या डॉक्टरांस तसें सांगून ठेवावें. त्यानें साखर खरोखरच उतरत असेल, तर चालू औषधाचें प्रमाण त्यांना कमी करावें लागेल.