दोराचं खालचं टोक

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. डिसेंबरातलं लख्ख ऊन, समोर सिंधुदुर्गाचा तट आणि पॅरासेलिंगसाठी वाळूवर ताटकळलेली पंधरा-वीस माणसं. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने पुणं सोडल्यापासून याच एका गोष्टीचा जप लावला होता. आमच्या आधी चार जोड्या होत्या. एवढ्यात बोट किनाऱ्याकडे वळली, तिच्यावरची पोरं रंगीत छत्री गुंडाळायला लागली, आणि बोट चालवणारा पन्नाशीचा माणूस गुडघाभर पाण्यातून वर येत म्हणाला, “वारो वाढलो हा. आज आता नाय. फाल्या सकाळी येवा.”

कुणाची रात्रीची गाडी होती, कुणाची मुलं रडायला लागली. एकाने जास्त पैसे देऊ केले. तो माणूस कुणाशी वाद घालत बसला नाही. ज्याचे त्याला पैसे मोजून परत दिले आणि नांगर बघायला निघून गेला. मी समुद्राकडे पाहिलं. मला तो सकाळसारखाच शांत दिसत होता. दूरवर कुठे कुठे लाटांवर पांढरी फुलं उमटत होती, एवढंच.

उतरलो होतो त्या घरी परतलो. अंगणात दोन माडांच्या मध्ये एक निळी, उन्हाने विटलेली दोरी बांधलेली होती. तिच्यावर ओले टॉवेल टाकले आणि घरच्या काकूंना सगळी हकिकत सांगितली. त्या सोलकढीसाठी नारळ खवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “परत धाडल्यान? मगे माणूस बरो गावलो तुमका.”

त्या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी समजला.

सकाळी साडेआठला किनाऱ्यावर गर्दी नव्हती. पाणी तेलासारखं सपाट. छोट्या होडीतून आम्हाला मोठ्या बोटीवर नेलं. बोटीवर तिघं जण. चाकाजवळ कालचाच माणूस. बाकीचे दोघं त्याला तांडेल म्हणत. मासेमारीच्या होडीवरच्या मुख्याला इकडे तांडेल म्हणतात, आणि हा माणूस तरुणपणी खरोखरच मासेमारीच्या होडीवर होता. दुसरा विंचजवळ, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या आणि सोडणाऱ्या यंत्राजवळ. तिसरा, विशीतला मुलगा, पट्टे आणि छत्री सांभाळणारा. आमच्याबरोबर आणखी तीन जोड्या होत्या. आम्ही शेवटी जाऊ, तोवर मला बघू द्या, असं मी सांगितलं. त्यामुळे उडण्याआधी तासभर मला हे काम जवळून बघता आलं.

आधी वजन. दोघांचं मिळून किती, हे तांडेलाने प्रत्येक जोडीला विचारलं आणि त्यावरून कोण आधी जाणार ते ठरवलं. वारा कमी असताना हलकी जोडी आधी. वारा थोडा उठला की जड. मग लाइफ जॅकेट. तिसऱ्या मुलाने प्रत्येकाच्या जॅकेटची बक्कलं स्वतः ओढून पाहिली, खांद्याजवळ धरून जॅकेट वर उचलून पाहिलं. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टा ढिला. मांड्यांखालून जाणारा रुंद पट्टा हाच वर गेल्यावरचा पाट. त्याच्या कड्या छत्रीखालच्या आडव्या दांडीला अडकवायच्या. कडी अडकवल्यावर मुलगा प्रत्येक वेळी तिचं तोंड फिरवून बघायचा, मग मागे वळून बोट वर करायचा, आणि विंचजवळचा माणूस तीच कडी पुन्हा हाताने बघायचा. एक कडी, दोन माणसं. तासाभरात त्यांनी हे एकदाही चुकवलं नाही.

बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडावर धरली की छत्री आपोआप फुलते. ही छत्री विमानातून उडी मारणाऱ्यांच्या पॅराशूटच्याच घराण्यातली. 1961 च्या सुमारास फ्रान्समधल्या पिएर लमुआन या माणसाने पॅराशूटच्या कापडाला मागच्या बाजूने फटी ठेवल्या. आत शिरलेली हवा त्या फटींतून मागे निसटते, छत्री पुढे रेटली जाते आणि दोराने ओढली की पडण्याऐवजी वर चढते. पॅराशूटवाल्यांना विमानाशिवाय शिकवता यावं, हा त्यामागचा हेतू. सुट्टीवर आलेल्यांची हौस नंतरची.

चढण्याचं गणित मला तांडेलाने सांगितलं ते वाऱ्याच्या भाषेत. वारा पडलेला असेल तर बोटीला धावून स्वतःचा वारा तयार करावा लागतो. समोरून वारा असेल तर तेवढं इंजिन बारीक करायचं. छत्रीला दोन्ही सारखेच. तिला फक्त एकूण वारा कळतो. पण एक गोष्ट फसवी आहे. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. 10 नॉटचा वारा 20 नॉटवर गेला की दोरावर, कड्यांवर, माणसाच्या पट्ट्यांवर चारपट ताण. शाळेत शिकलेला हा वर्गाचा नियम मी परीक्षेनंतर विसरून गेले होते. तांडेल हे गणित शाळेत शिकला नव्हता, तो म्हणाला, “वारो वाईच वाढता, दोर लय ओरडता.” नियम तोच.

मी त्याला कालचं विचारलं. काल समुद्र मला शांत दिसत होता, मग? त्याने चाकावरचा हात न काढता पश्चिमेकडे हनुवटी केली. मालवणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. ऊन चढलं, जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्रावरून जमिनीकडे येऊ लागतो. तो खारा वारा. दुपारनंतर त्याला जोर येतो. “समजा दोर गेलो,” तांडेल म्हणाला. सकाळी दोर गेला तर छत्री माणसांना घेऊन उघड्या समुद्रावर उतरणार. खाली खोल पाणी, अंगात जॅकेट, आणि मागे बोट. दुपारी दोर गेला तर तीच छत्री त्यांना किनाऱ्याकडे नेणार. तिथे खडक आहेत, माड आहेत, विजेच्या तारा आहेत. म्हणून दुपारच्या लाटांवर पांढरी फुलं दिसली की याचं काम संपतं, रांग कितीही मोठी असो.

दोर जाण्याची भीती पोकळ नाही. 2021 च्या नोव्हेंबरात दीवच्या किनाऱ्यावर हवेत असलेल्या एका जोडप्याचा दोर तुटला. ते समुद्रात पडलं आणि अंगात लाइफ जॅकेट असल्यामुळे वाचलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली. तांडेलाने ती पाहिली होती. एकदा नव्हे, किती तरी वेळा, आणि थांबवून थांबवून. दोर कुठे तुटला, बोट तेव्हा कशी धरली होती, हे त्याला बघायचं होतं.

मग आमची पाळी आली.

मुलगी डावीकडे, मी उजवीकडे. “पाय मोकळे सोडा, हात वरच्या पट्ट्यांक.” मुलीच्या ओठांचा रंग गेलेला बघून तिसरा मुलगा खाली वाकून तिला म्हणाला, “भियाव नको गो. उडी मारूची नाय. नुसती बस.” आणि खरंच काही करावं लागलं नाही. विंच सैल झाला, पायाखालचा बोटीचा तळ एकदम पुढे सरकला आणि आम्ही जिथल्या तिथे होतो. वर गेल्यासारखं वाटलंच नाही. बोट खाली आणि दूर जाते आहे असं वाटलं.

पहिल्यांदा इंजिनाचा आवाज गेला. मग माणसांचा. वर फक्त छत्रीच्या कापडाची फडफड आणि पट्ट्यांचा बारीक कुरकुर आवाज उरला. मी आयुष्यात इतक्या उघड्यावर इतकी स्थिर बसले नव्हते. दोर सुमारे 300 फूट सोडला होता. पण दोराची लांबी म्हणजे आपली उंची नव्हे. दोर तिरका असतो. पंचेचाळीस अंशांत धरला तर 300 फूट दोराला उंची साधारण 210 फूट, आणि दोराला झोळ असतो म्हणून त्याहून थोडी कमीच. एवढ्या उंचीवरून खालची बोट चपलेएवढी दिसते.

आणि सिंधुदुर्ग दिसतो. जमिनीवरून तो एक लांबट काळी रेघ असतो. वरून त्याचा आकार कळतो: कुरटे बेटाच्या कडेकडेने, जिथे खडक वळला तिथे वळत गेलेला नागमोडी तट, आतल्या माडांचा हिरवा पुंजका. 1664 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने काम सुरू झालं आणि तीन वर्षांत इथे किल्ला उभा राहिला. पण माझी नजर तटावर टिकली नाही, ती तटाबाहेरच्या पाण्यात अडकली. हिरव्या पाण्याखाली काळे डाग पसरले होते, काही पायरीसारखे, काही बोटांसारखे. ते खडक. किनाऱ्यावरून त्यातला एकही दिसत नाही. किल्ल्याची जागा निवडताना या बुडालेल्या खडकांचा हिशोब होता. त्यांतून वाट कुठे आहे हे इथल्या दर्यावर्द्यांना ठाऊक होतं, बाहेरच्या जहाजांना नव्हतं. याच खडकांतल्या समृद्ध जीवसृष्टीसाठी 1987 मध्ये हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

तेव्हा मला खालच्या बोटीची वाट दिसली. आमच्या मागे पाण्यावर उमटलेली पांढरी रेघ त्या काळ्या डागांपासून कायम लांब होती. तांडेलाला ते डाग दिसत नव्हते. तो पाण्याच्या पातळीवर होता. मी दोनशे फुटांवरून जे पाहत होते ते त्याच्या डोक्यात आधीपासून होतं, जाळी लावताना, जाळी फाटताना शिकलेलं.

मुलीने माझा हात धरला होता. कधी धरला ते आठवत नाही. ती म्हणाली, “आई, इथे काहीच करायचं नाहीये.” तिचा आवाज आश्चर्याचा होता. साहसाची तयारी करून आलेल्या मुलीला वर नुसती शांतता मिळाली होती. मला मात्र त्या शांततेचं दुसरं टोक दिसत होतं. खाली तिघं जण आमच्याकडे मान वर करून बघत होते. एकाचा हात चाकावर, एकाचा विंचवर, एकाचे डोळे फक्त छत्रीवर. आमच्या दोघींच्या निवांतपणामागे तीन माणसांचं अखंड लक्ष होतं.

मग इंजिन बारीक झालं. छत्री अलगद खाली उतरू लागली. पाणी वर आलं, पायांना थंड लागलं, गुडघ्यांपर्यंत चढलं, आणि पुन्हा ओढ लागून आम्ही वर. याला इथे ‘डिप’ म्हणतात. वरून तो खेळ वाटतो, पण आधीच्या जोड्यांच्या वेळी मी तो चाकाजवळून पाहिला होता. चार सेकंद आधी इंजिन कमी केलं तर छत्री जास्त बसते आणि माणसं कमरेपर्यंत पाण्यात जातात. उशीर झाला तर पाय पाण्याला लागतच नाहीत. तांडेल त्या वेळी समोर बघतच नाही. मान मागे, एक हात चाकावर, दुसरा इंजिनाच्या दांड्यावर, आणि ओठांतल्या ओठांत मोजणी.

विंचने आम्हाला ओढून घेतलं. बोटीच्या मागच्या फळीवर आमचे पाय टेकले, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन हात तयार होते. हवेत आम्ही जेमतेम पाच मिनिटं होतो.

दहा वाजून गेले. मतलई पडली होती, खारा वारा अजून सुटायचा होता. तांडेल म्हणाला, अजून दोन खेपा, मग बघू. त्याआधी त्याने बोट थांबवली आणि दोराचं छत्रीकडचं टोक मांडीवर घेतलं. गाठ सोडली. गाठीच्या आसपासचा भाग बोटांनी चाचपला, डोळे मिटून, जसे जाळ्यातले तुटके फास चाचपतात तसे. गाठीने दोराची ताकद कमी होते, आणि ऊन, मीठ, ओढ हे तिन्ही त्या एकाच जागी एकत्र येतात. बाकीचा शेकडो फूट दोर धडधाकट असतो. जातो तो हा शेवटचा हातभर. त्याने सुरी घेतली आणि दोन-अडीच हात दोर कापून टाकला. मला त्यात काहीही खराब दिसलं नाही. कापलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. वरून निळा, एका बाजूला किंचित लव आलेली.

“एवढा चांगला दोर?” मी विचारलं.

“वायट दिसाक लागल्यार कापूचो नसता,” तो म्हणाला. “तेच्या आदी कापूचो.”

नवी गाठ त्याने मारली, ओढून पाहिली, मग विंचवाल्याला दिली. त्यानेही ओढून पाहिली.

दुपारी घरी आलो. मुलीने ओले कपडे पिळून अंगणातल्या दोरीवर टाकले आणि ती जेवायला आत गेली. मी टॉवेल सारखा करायला गेले आणि थांबले. ती दोरी अखंड नव्हती. दोन-दोन हातांचे निळे तुकडे एकाला एक गाठीने जोडले होते. मोजले तर सात. प्रत्येकाच्या एका टोकाला किंचित लव.

काकू ओटीवर आल्या. मी दोरीकडे बघत्येय हे त्यांच्या लक्षात आलं. “भावोजी आणतत,” त्या म्हणाल्या. “बोटीवरचो दोर. तेंचो तांडेल कापून टाकता. कपड्यांक लय वर्सां टिकता.”

कुणाच्या तरी वजनाखाली तुटू नयेत म्हणून वेळेआधी कापलेले ते सात तुकडे आमच्या ओल्या कपड्यांचा भार घेऊन उन्हात ताठ होते.