अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष महाभियोगातून सुटतो, मग गडचिरोलीतला सरपंच कसा हटतो?

अमेरिकेत आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग चालला. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९८-९९ मध्ये बिल क्लिंटन आणि २०१९-२० व २०२१ असा दोनदा डोनाल्ड ट्रम्प. चारही वेळा राष्ट्राध्यक्ष सुटले.

असं का होतं? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ग्रामपंचायतीचा कायदा शेजारी ठेवला, की उत्तर लवकर समजतं.

अमेरिकेत गाडी अडते कुठे?

प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं. खटला सिनेटमध्ये चालतो. तिथे दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे शंभर जण हजर असतील तर ६७. राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाची माणसं विरोधात गेल्याशिवाय हा आकडा सहसा जमत नाही.

१९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात समितीतल्या १७ पैकी ६ रिपब्लिकन सदस्यांनी आपल्याच निक्सन यांच्याविरुद्ध पहिल्या आरोपावर मत दिलं. पुढे पक्षाचा आधार संपल्याचं दिसल्यावर निक्सन यांनी राजीनामा दिला. पण १९९९ मध्ये क्लिंटन यांना दोषी ठरवणारा एकही डेमोक्रॅट सिनेटर निघाला नाही. २०२० मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध एकच रिपब्लिकन गेला, तर २०२१ मध्ये सात गेले आणि मतं झाली ५७ विरुद्ध ४३. दहा मतं कमीच पडली.

पुरावा ऐकणारे आणि पुढची निवडणूक लढवणारे इथे एकच असतात. कोणी कुणाला मत दिलं, हेही उघड असतं. त्यामुळे पक्षांमधली दरी वाढली, की निकाल आधीच ठरल्यासारखा होतो.

मग गावात काय होतं?

महाराष्ट्रात सरपंचाला हटवायचे दोन वेगळे मार्ग आहेत.

पहिला, गैरवर्तनाचा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, सरपंचाला बाजू मांडायची संधी मिळते आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. या दोन जिल्ह्यांसाठी ते नागपूरला बसतात. इथे प्रश्न एवढाच, की सरपंच चुकला की नाही.

दुसरा, अविश्वासाचा, कलम ३५. सदस्य तहसीलदारांकडे नोटीस देतात. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तीन-चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर करावा लागतो. पण तेवढ्याने खुर्ची जात नाही. ठराव विशेष ग्रामसभेत जातो आणि गावातले मतदार गुप्त मतदानाने शेवटचा निर्णय देतात. ज्यांनी निवडून दिलं, त्यांनीच घरी पाठवायचं. निवडून आल्यावर पहिली दोन वर्षं असा ठराव आणताच येत नाही.

म्हणजे ‘दोषी आहे का?’ आणि ‘विश्वास आहे का?’ हे दोन प्रश्न गावात वेगळे विचारले जातात. अमेरिकेत दोन्ही एकाच मतात कोंबले जातात.

मग गावात गटबाजी नसते का?

असते. ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तरी पॅनल असतात, भाऊबंदकी असते. सरपंचाशी बिनसलं म्हणून सदस्य एकत्र येतात आणि अविश्वास आणतात. इथे तर ग्रामसभांच्या हातात बांबू आणि तेंदूपत्त्याचा पैसाही येतो, त्यामुळे हिशेबावरून संशय लवकर पेटतो.

यावर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वेगळी वाट काढली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. इथे ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो आणि चर्चा पुन्हा होते. विषय आधी अभ्यास गटात समजून घेतला जातो. यात वेळ जातो, पण हरलेला गट तयार होत नाही.

तीस कोटींहून जास्त लोकांच्या देशात सर्वसहमती शक्य नाही, हे खरंच. पण कायद्यात आकडा कितीही मोठा लिहा, समोरच्या गटाचं ऐकून मत बदलणारं कोणी उरलं नाही, तर मतदान ही फक्त मोजदाद ठरते. वॉशिंग्टनमध्ये तेच झालं. गडचिरोलीत शेवटचं मत गावाच्या हातात आहे, पण ग्रामसभेला लोक आले तरच त्याला अर्थ आहे.