आईची सही

एकट्या आईने मूल वाढवणे ही आपल्या समाजाला अपरिचित गोष्ट नव्हे. वैधव्य, घटस्फोट, नवऱ्याने टाकून देणे, क्वचित स्वतःची निवड, अशा नाना कारणांनी संसाराचा सारा भार एकीच्या खांद्यावर येतो. शाळेचा प्रवेश-अर्ज, बँकेतील खाते, पारपत्र किंवा विम्याचा कागद समोर आला म्हणजे मात्र 'पालक' या रकान्यात कोणाची सही ग्राह्य धरावी, असा प्रश्न उभा राहतो. एकल पालकांच्या हक्कांसाठी भारतात जे झगडे झाले, त्यांपैकी महत्त्वाचे काही या रकान्यासाठीच झाले आहेत.

या प्रश्नाचे एक मूळ हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या सहाव्या कलमात आहे. विवाहितांच्या अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि 'त्यांच्या नंतर' आई, असे हे कलम सांगते. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही तेच कलम म्हणते. म्हणजे दुखणीखुपणी काढण्याच्या वयात मूल आईचे, पण पालक वडीलच! विवाहबाह्य संततीच्या बाबतीत हा क्रम नेमका उलट आहे. तेथे आधी आई, मग वडील. लग्न केल्यामुळे स्त्रीचा मुलावरील अधिकार दुय्यम व्हावा, हा न्याय अजबच म्हटला पाहिजे.

'नंतर' याचा अर्थ दीर्घकाळ 'मृत्यूनंतर' असाच घेतला जाई. १९७० साली शेतजमिनीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हयात असलेल्या पित्याला बाजूस ठेवून आईला पालक मानले होते, कारण ती वीस वर्षांहून अधिक काळ पतीपासून वेगळी राहत होती आणि मुलीच्या मालमत्तेचा कारभार तीच पाहत होती. तथापि तो अपवाद समजला गेला.

१९८४ च्या डिसेंबरात लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले, व पालक म्हणून आईच सही करील असे उभयतांच्या संमतीने कळविले. बँकेने वडिलांची सही मागितली, अथवा पालकत्वाचे प्रमाणपत्र. हे कुटुंब एकल पालकाचे नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. त्यांच्या याचिकेसोबत वंदना शिवा यांची याचिका ऐकण्यात आली. तेथे पतिपत्नींमध्ये घटस्फोटाचा वाद चालू होता.

१७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कलम रद्द झाले नाही, परंतु 'नंतर' म्हणजे 'अनुपस्थितीत' असा अर्थ लावण्यात आला. वडील मुलाविषयी उदासीन असतील, दूर राहत असतील, आजाराने असमर्थ असतील किंवा उभयतांत तसे ठरले असेल, तर आई हीच नैसर्गिक पालक होय. मराठी वाचकास हा अर्थ परका वाटू नये. 'नवऱ्याच्या माघारी तिने मुले वाढवली' या वाक्यात नवरा वारलाही असेल किंवा नुसता परगावी गेलाही असेल.

अविवाहित मातेची अडचण निराळी होती. नोकरी करणाऱ्या एका ख्रिस्ती स्त्रीला आपल्या बचतीसाठी मुलाचे नाव वारस म्हणून नोंदवायचे होते. पालकत्वासाठी तिने अर्ज केला, तेव्हा १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमान्वये पित्याला नोटीस देणे आवश्यक ठरवण्यात आले. पित्याचे नाव सांगण्यास तिने नकार दिला, म्हणून खालच्या न्यायालयाने आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही तिला परत पाठविले. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती दूर केली, आणि अशा मातेच्या केवळ प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असा आदेश दिला. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राच्या अर्जात एकाच पालकाचे नाव पुरेसे ठरले. २०१८ मध्ये आयकर खात्याच्या पॅन-अर्जातही आई एकल पालक असल्यास वडिलांच्या नावाची सक्ती राहिली नाही.

मूळ कलमाचे शब्द मात्र तेच आहेत. विधी आयोगाने १९८९ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये ते बदलण्याची शिफारस केली होती. त्यामुळे टाकलेल्या स्त्रीला आजही, मागणी झाली तर, पती 'अनुपस्थित' आहे हे आधी दाखवावे लागते. विधवेजवळ निदान मृत्यूचा दाखला असतो.