ज्वालामुखीच्या वाटेवर निघालेल्या रुग्णाची पूर्वतयारी

मुलांकडे न्यूझीलंडला निघालेले रुग्ण प्रवासापूर्वी चिकित्सालयात येतात. सोबत न्यावयाची औषधे मागून झाली की जाता जाता विचारतात, ‘‘तिकडे एका दिवसाची डोंगरवाट आहे, झेपेल ना?’’ होकार देण्यापूर्वी वैद्यास त्या वाटेचे स्वरूप ठाऊक असणे अगत्याचे आहे.

उत्तर बेटावरील ‘टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग’ ही वाट सुमारे २० किलोमीटरची असून ती चालण्यास सात-आठ तास लागतात. मांगाटेपोपो येथील सुमारे १,१२० मीटर उंचीवरून रेड क्रेटरच्या १,८८६ मीटरपर्यंत चढावे लागते आणि केटेटाही येथे ७६० मीटरपर्यंत उतरावे लागते. चढापेक्षा उतार मोठा व काही ठिकाणी सुट्या खडीचा असल्याने जानुसंधींची खरी परीक्षा उत्तरार्धात होते. प्रदेश जागृत ज्वालामुखीचा आहे. २०१२ च्या ऑगस्ट व नोव्हेंबरमध्ये येथील ते मारी विवरांतून उद्रेक झाले. विवरांजवळ गंधकयुक्त वायू निघत असल्याने तमकश्वासाच्या रुग्णाविषयी विशेष सावध राहावे.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे वाग्भटाचार्यांचे वचन येथे मोजमाप म्हणून उपयोगी पडते. ज्याची पूर्ण शक्तीच सात तासांत संपते, त्याने ही वाट धरू नये. निदान दोन महिने आधी चालण्यास आरंभ करून क्रमाने चढ-उतार वाढवावा. पाठीवर ओझे घेऊन सिंहगड चढून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी संधिशूल वा ग्लानी राहत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा. नियमित अभ्यंग हितकर आहे. मात्र प्रवासाच्या तोंडावर शोधन करू नये. संसर्जनक्रम पूर्ण होऊन बल परत येण्यास अवधी लागतो. हृद्रोग, मधुमेह वा रक्तदाबाची चालू औषधे आपल्या शब्दावर बंद होता कामा नयेत.

ऋतुचर्या सांगताना आपले पंचांग बाजूस ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत तेथे उन्हाळा असतो. ऊन प्रखर, तरी माथ्यावर केव्हाही थंड वारा व पाऊस येतो. लोकरीचे व जलरोधक कपडे, कानटोपी, पक्की पादत्राणे आवश्यक. वाटेत पिण्यायोग्य पाणी मिळत नाही. माणशी दोन-तीन लिटर सोबत न्यावे. शौचालये मोजकीच असल्याने अनेकजण, विशेषतः स्त्रिया, पाणीच पीत नाहीत. वेगधारण व जलाल्पता या दोहोंविषयी आधीच बोलावे.

औषधविक्रेत्यांसाठी एक सूचना. न्यूझीलंडमध्ये प्रवाशास मध नेता येत नाही. म्हणून मधयुक्त अवलेह देऊ नयेत. वनौषधी, बीजे व खाद्यपदार्थ विमानतळावर घोषित करावेच लागतात, अन्यथा जागीच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो. कागदाच्या पुडीत बांधलेली चूर्णे देऊ नयेत. घटकद्रव्ये इंग्रजीत छापलेली मूळ बंद वेष्टनेच द्यावीत.

ही शिखरे माओरी समाजास पवित्र आहेत. शिखरांवर चढू नये व सरोवरांच्या पाण्यास स्पर्श करू नये, ही त्यांची विनंती रुग्णाच्या कानी घालावी. आणि शेवटी एक गोष्ट निक्षून सांगावी : हवामान बिघडले वा दम लागला, तर मोठा चढ सुरू होण्यापूर्वीच मागे फिरावे. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. परतण्याची ही अनुज्ञा वैद्याच्या तोंडून मिळाली, तर मुलांच्या आग्रहापुढेही रुग्ण ती पाळतो.