त्र्याहत्तर विजय आणि साडेचार मिनिटे

‘ऐन वेळी कच खाल्ली!’ हा शेरा आपल्या मैदानावर किती वेळा ऐकू येतो, याची मोजदाद कोणी ठेवलेली नसेल. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तो माझ्या वाट्याला आला. सामना संपायला काही सेकंद उरले असताना मला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही रिंगवर आपटून बाहेर आले आणि आम्ही एका गुणाने हरलो. बाजूला उभ्या असलेल्या कुणीतरी वरील उद्गार काढले. मला त्या व्यक्तीचा राग आला नाही, कारण प्रेक्षकांत बसून मीही हेच वाक्य अनेकदा उच्चारलेले आहे. पण त्या रात्री झोप येईना. ‘कच खाल्ली’ म्हणजे नेमके काय झाले? हे पराभवाचे कारण झाले, की पराभवालाच दिलेले दुसरे नाव?

या प्रश्नाचा विचार करायला माझ्याजवळ एक उदाहरण आयते होते, आणि तेही माझ्या लाडक्या संघाचे. अमेरिकेतील एन. बी. ए. या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत गोल्डन स्टेट वॉरियर्स नावाचा संघ आहे. २०१६ साली या संघाने जे मिळवले आणि जे गमावले, त्याला तोड नाही. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते आणि आमच्या गावात बास्केटबॉलची रिंगही नव्हती. पुढे हा खेळ शिकल्यावर ते सामने मी मोबाइलवर पाहिले, निकाल आधीच ठाऊक असताना पाहिले, आणि तरीही प्रत्येक वेळी हळहळले.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. एन. बी. ए. मध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ नेहमीच्या हंगामात ८२ सामने खेळतो. त्यांतून निवडलेले १६ संघ बाद फेरीत जातात. या बाद फेरीला ‘प्लेऑफ’ म्हणतात. आपल्याकडे बाद फेरीत एका सामन्यात सोक्षमोक्ष लागतो. तेथे मात्र त्याच दोन संघांत सात सामन्यांपर्यंत झुंज चालते आणि आधी चार सामने जिंकणारा पुढे जातो. हेतू हा, की एखाद्या दिवसाच्या नशिबावर निकाल ठरू नये.

२०१५–१६ च्या हंगामात वॉरियर्सनी ८२ पैकी ७३ सामने जिंकले. त्याआधीचा विक्रम मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्स संघाचा, १९९५–९६ सालचा, ७२ विजयांचा होता. गंमत अशी, की वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर हे त्या जुन्या शिकागो संघातले खेळाडू! हंगामाची सुरुवातच सलग २४ विजयांनी झाली होती.

या संघाचे अस्त्र म्हणजे लांबून टाकलेली बास्केट. एन. बी. ए. मध्ये १९७९–८० च्या हंगामात तीन गुणांची रेषा आली. या रेषेबाहेरून बास्केट झाली, तर दोनाऐवजी तीन गुण मिळतात. आपल्या मैदानावर ही रेषा ६.७५ मीटरवर असते. तेथे समोरून ती ७.२४ मीटरवर आहे. एवढ्या अंतरावरून स्टीफन करी या खेळाडूने त्या हंगामात ४०२ बास्केट केल्या. आधीचा विक्रम २८६ चा होता आणि तोही त्याचाच! त्याच्या जोडीला क्ले थॉम्प्सन हा तसाच नेमबाज होता. अशा संघाने अजिंक्यपद मिळवणे ही केवळ औपचारिकता आहे असे सर्वांना वाटले, तर नवल काय?

अंतिम मालिका क्लीव्हलँड कॅव्हलियर्सशी होती. पहिला सामना वॉरियर्सनी १०४–८९ असा जिंकला, दुसरा ११०–७७ असा. तिसऱ्यात क्लीव्हलँडने १२०–९० अशी परतफेड केली. चौथा वॉरियर्सनी क्लीव्हलँडच्या अंगणात १०८–९७ असा जिंकला. आता आघाडी ३–१ ची. उरलेल्या तीन सामन्यांतून फक्त एक हवा होता आणि त्यांतले दोन घरच्या मैदानावर होते. तोपर्यंत अंतिम मालिकेत ३२ संघ १–३ असे मागे पडले होते आणि त्यांपैकी एकही जिंकला नव्हता. वॉरियर्स मात्र पुढचे तिन्ही सामने हरले.

येथे थोडे गणित करून पाहू. समजा, प्रत्येक सामना जिंकण्याची वॉरियर्सची शक्यता शंभरात साठ होती. मग सलग तीन सामने हरण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.४, म्हणजे शंभरात साधारण सहा. शंभरात सहा ही गोष्ट दुर्मीळ खरी, पण तिला चमत्कार म्हणता येणार नाही. शिवाय हे गणित एक गोष्ट गृहीत धरते. ती म्हणजे, तिन्ही सामन्यांत मैदानात उतरणारा संघ तोच आहे. खरी मेख येथेच आहे. तो संघ तोच राहिला नव्हता.

चौथ्या सामन्याच्या अखेरीस वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन खाली पडला होता. क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स त्याला ओलांडून गेला. ग्रीनने चिडून हात चालवला. मागाहून चित्रफीत तपासून हा गंभीर फाउल ठरवण्यात आला. आधीच्या फेऱ्यांत ग्रीनच्या नावावर अशा फाउलचे तीन गुण जमा होते, हा चौथा. चार झाले की एका सामन्याची बंदी, हा नियम. पाचव्या सामन्याच्या वेळी ग्रीन शेजारच्या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये बसून सामना बघत होता! आता हा ग्रीन म्हणजे कोण? तो करीसारखा नेमबाज नव्हे. उंचीने इतर संघांच्या सेंटरपेक्षा बराच कमी. पण प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणालाही अडवू शकणारा, चेंडू पुढे नेणारा, संघाला बांधून ठेवणारा. संसारात काही माणसांचे महत्त्व ती घरात नसतील तेव्हाच कळते, तसे झाले. त्या सामन्यात लेब्रॉन जेम्सने ४१ गुण केले आणि त्याचा सहकारी कायरी अर्विंग यानेही ४१. अंतिम मालिकेच्या एकाच सामन्यात एका संघातील दोघांनी चाळिशी ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. त्यातच वॉरियर्सचा उंच सेंटर अँड्र्यू बोगट गुडघा दुखावून उरलेल्या मालिकेला मुकला.

स्वतः करीचा गुडघाही पहिल्या फेरीत दुखावला होता. दोन आठवड्यांनी तो परत आला खरा. पण नेहमीच्या हंगामात सामन्यागणिक ३०.१ गुणांची त्याची सरासरी अंतिम मालिकेत २२.६ वर आली. सहाव्या सामन्यात लेब्रॉनने पुन्हा ४१ गुण केले. सहा फाउल होऊन बाद झालेल्या करीने संतापाने तोंडातला दातांचा पट्टा फेकला; तो एका प्रेक्षकाला लागला आणि त्याला मैदानातून बाहेर काढण्यात आले. मी करीची चाहती आहे, तरी हे लपवणार नाही. संघाचा तोल जात चालला होता, हे कबूल केलेच पाहिजे.

आता सातवा सामना. १९ जून २०१६, ओकलंड शहर, वॉरियर्सचे घर. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ उजाडत होती. ज्या ग्रीनमुळे घोटाळा झाला म्हणून सर्वांनी बोल लावले, त्यानेच त्या दिवशी ३२ गुण केले, १५ रिबाउंड घेतले आणि ९ वेळा सहकाऱ्यांना बास्केट करून दिली. तीन गुणांच्या ८ प्रयत्नांपैकी त्याचे ६ यशस्वी झाले. परंतु बाकीच्या सर्वांचे मिळून ३३ प्रयत्नांत ९! करी १४ पैकी ४, थॉम्प्सन १० पैकी २. हंगामभर या संघाचे प्रमाण शंभरात जवळजवळ ४२ होते. लांबून फेकण्याच्या खेळाचा हा स्वभावच आहे. शंभर दिवसांचा हिशेब चोख असतो. एका संध्याकाळचा कोणीच सांगू शकत नाही. ८२ सामन्यांत अशा दोनचार वाईट संध्याकाळी सहज पोटात जातात. सातव्या सामन्यात त्यांना जागा नसते.

सामना संपायला ४ मिनिटे ३९ सेकंद उरली असताना थॉम्प्सनने बास्केट केली आणि ८९–८९ अशी बरोबरी झाली. येथे मी एकदा कागद घेऊन बेरीज करून पाहिली. सातही सामन्यांतील वॉरियर्सचे त्या क्षणापर्यंतचे एकूण गुण ६९९. क्लीव्हलँडचे? तेही ६९९! म्हणजे ३३१ मिनिटे झुंजून दोन्ही संघ तसूभरही मागेपुढे नव्हते. ज्याला जग ‘कोसळणे’ म्हणते, ते एवढ्या समतोल तराजूचे शेवटच्या क्षणी एका बाजूला झुकणे होते.

त्यानंतर वॉरियर्सना एकही गुण मिळाला नाही. नऊ प्रयत्न, नऊ फुकट. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्यानंतर पावणेचार मिनिटे क्लीव्हलँडलाही एकही गुण मिळाला नव्हता! दोन्ही संघांचे पाय जड झाले होते, हात थरथरत होते. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना वॉरियर्सचा इग्वोडाला एकटाच रिंगकडे धावला. दोन गुण झाल्यातच जमा होते. इतक्यात मागून लेब्रॉन धावत आला, उडाला आणि त्याने तो चेंडू बोर्डावर दाबला. अखेर ५३ सेकंद उरले असताना अर्विंगने करीच्या डोक्यावरून तीन गुणांची बास्केट केली. ९२–८९. पुढे लेब्रॉनचा एक फ्री थ्रो. ९३–८९. संपले.

मग कच कोणी खाल्ली? वॉरियर्सनी म्हणावे, तर तीनच आठवड्यांपूर्वी हाच संघ ओक्लाहोमा सिटीविरुद्ध १–३ असा मागे होता आणि तेथून ती मालिका जिंकून आला होता. सहाव्या सामन्यात परक्या मैदानावर थॉम्प्सनने तीन गुणांच्या ११ बास्केट केल्या होत्या. मे महिन्यात जे काळीज वाघाचे होते, ते जूनमध्ये सशाचे झाले काय? मला हे पटत नाही. ‘कच खाल्ली’ या दोन शब्दांत एकाची बंदी, दुसऱ्याचा गुडघा, थकवा, संताप, लांबच्या फेकीतले चढउतार, असे सगळे कोंबलेले असते. आणि जे सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे समोरचा संघ, तोच त्यात नसतो.

येथे चाहती म्हणून माझी एक लबाडी मला उघड केली पाहिजे. २०१६ चा पराभव सांगताना मी बोगटचा आणि करीचा गुडघा हटकून काढते. पण आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, याच क्लीव्हलँडला हरवून वॉरियर्सनी अजिंक्यपद मिळवले, तेव्हा केविन लव्ह खांदा दुखावल्यामुळे खेळत नव्हता आणि अर्विंगच्या गुडघ्याची वाटी पहिल्याच सामन्यात मोडली होती. ते मी कधी आपण होऊन सांगितले नाही. आपण जिंकलो की आपले कर्तृत्व आणि हरलो की दुखापती, असा आम्हा चाहत्यांचा हिशेब असतो. लेब्रॉन हा क्लीव्हलँडजवळच्या अ‍ॅक्रन गावचा मुलगा. त्या शहराला १९६४ नंतर कोणत्याही मोठ्या खेळात अजिंक्यपद मिळाले नव्हते. त्या मालिकेत गुण, रिबाउंड, पास, चेंडू हिरावणे आणि फेक अडवणे या पाचही बाबतींत दोन्ही संघांत तोच पहिला होता. याला माझ्या संघाचा पराभव म्हणण्याआधी त्याचा विजय म्हणायला हवे.

ही सगळी हकीकत मी सुट्टीत वडिलांना सांगितली. ते बास्केटबॉल जाणत नाहीत. पण तरुणपणी ते जत्रेच्या फडात कुस्त्या करीत. सर्व ऐकून घेऊन म्हणाले, “अगं, पैलवान पडला म्हंजे त्यानं मेहनत केली न्हवती, असं न्हवं. समोरचा बी मेहनत करूनच मातीत उतरलेला असतोय.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “पर ते त्र्याहत्तर जिंकल्याले काय केलं मग लोकांनी?” मी काय सांगणार? लोकांनी त्यांची थट्टा केली. आघाडी कितीची, ‘तीन–एकची’, असे म्हणून हसणे हा वाक्प्रचारच होऊन बसला.

पुढे वॉरियर्सनी केविन ड्युरंट या बलाढ्य खेळाडूला संघात घेतले आणि २०१७ व २०१८ ची अजिंक्यपदे मिळवली. ड्युरंट गेल्यावर २०२२ चेही मिळवले. तरी माझा जीव अडकला आहे तो त्या हरलेल्या संघातच. ७३ विजय खरे होते. शेवटची साडेचार मिनिटेही खरीच होती. एकाने दुसरे पुसले जात नाही, एवढे मला आता समजते. माझे दोन फ्री थ्रो का हुकले, याचे उत्तरही मी हल्ली शोधले आहे. दमल्यावर माझे गुडघे वाकत नाहीत आणि चेंडू आखूड पडतो. आता मी सरावाच्या शेवटी, दमलेली असतानाच, फ्री थ्रो टाकते.

तो सातवा सामना मात्र अजूनही अधूनमधून पाहते. अर्विंगच्या बास्केटनंतर चेंडू करीच्या हाती येतो. समोर उंच केविन लव्ह असतो. एरवी करी त्याला सहज चकवून गेला असता. तो डावीकडे जातो, उजवीकडे वळतो, मागे सरतो आणि फेकतो. चेंडू हवेत असतो तेवढा वेळ मला दर वेळी वाटते, की आज तो जाणार.

(द्वितीय वर्ष, कला)