विश्लेषण : यादी एक्सएमएलमध्ये उतरली, पण गावाचे नाव कुठे गेले?

समजा, मोताळा तालुक्यातील रोहिणखेडच्या सोयाबीन खरेदीची नोंद ठेवणारे एक सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या यादीत प्रत्येक शेतकऱ्याची पावती आहे. गाव, हंगाम आणि एकूण क्विंटल यादीलाच जोडलेले आहेत. ही यादी दुसऱ्या कार्यालयात पाठवली. पावत्या सगळ्या पोहोचल्या. गाव, हंगाम आणि एकूण वजन मात्र गायब. चूक झाल्याचा संदेशही नाही. असे का होते?

सिरियलायझेशन म्हणजे काय?

प्रोग्राम चालू असताना माहिती मेमरीत 'ऑब्जेक्ट'च्या रूपात असते. ती फाइलमध्ये ठेवता येईल किंवा दुसरीकडे पाठवता येईल अशा रूपात उतरवणे म्हणजे सिरियलायझेशन. त्यासाठी वापरली जाणारी एक्सएमएल ही पद्धत 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाणित केली. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल एक्सएमएलच असते. प्राप्तिकर विवरणपत्रेही करनिर्धारण वर्ष २०२०-२१ पर्यंत याच रूपात अपलोड होत. पुढे 'जेसॉन' आले.

गळती कुठे होते?

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधील 'एक्सएमएल सिरियलायझर' साध्या क्लासमधले पब्लिक तपशील लिहितो. पण प्रोग्रामरने तयार 'लिस्ट'वरून स्वतःचा 'खरेदीयादी' क्लास बेतला, की सिरियलायझर त्याच्याकडे निव्वळ यादी म्हणून पाहतो. आतल्या पावत्या एकेक करून लिहितो, यादीला जोडलेली जादा माहिती सोडून देतो. हा बिघाड नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रकात हा नियम नोंदवलेला आहे. 'डिक्शनरी' प्रकारचा संग्रह दिला तर हाच सिरियलायझर सरळ नकार देतो. ते परवडले, निदान कळते तरी.

मग करायचे काय?

यादीचाच क्लास वाढवण्याऐवजी 'खरेदीनोंद' नावाचा साधा क्लास करावा. गाव आणि हंगाम हे त्याचे तपशील, पावत्यांची यादी हाही त्यातलाच एक तपशील. एवढ्याने गावाचे नाव फाइलमध्ये येते. एकूण वजन मात्र फक्त वाचता येणारा, म्हणजे 'सेट' नसलेला तपशील असेल, तर तो तरीही लिहिला जात नाही. पावत्यांवरून पलीकडे पुन्हा बेरीज करता येते, त्यामुळे त्याची फारशी चिंता नाही. 'आयएक्सएमएल सिरियलायझेबल' वापरून लिहिणे-वाचणे स्वतःच्या हातात घेता येते, पण कोड वाढतो आणि चुकांना वावही.

चाचणी घेताना फाइल लिहून ती परत वाचावी आणि आधीच्या माहितीशी ताडून पाहावी. नुसत्या पावत्या मोजल्या तर संख्या बरोबरच येईल.